मांजर, शेतकरी आणि तीन अस्वलं

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधला समतोल म्हणजे एका टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांपैकी कुणालाही ‘मग मी इथे कशाला आलो?’ असा प्रश्न पडू नये म्हणून केलेली तजवीज. नियमपुस्तकांत ही व्याख्या सापडत नाही; तिथे तक्ते सापडतात. समतोलाच्या नावाखाली दोन निरनिराळी भांडणं चालतात. एक पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीच्या, आत, एकाचं पात्र दुसऱ्याच्या पात्राला झाकून टाकतं त्यावरून. दुसरं पार्टी आणि राक्षस यांच्यात, राक्षसाने सगळ्यांना गिळलं किंवा तो उठून उभा राहायच्या आत मेला त्यावरून. पहिलं भाऊबंदकीचं, दुसरं बांधाचं. बांधाचं कधी ना कधी मिटतं. भाऊबंदकीला पन्नास वर्षं होऊन गेली.

खेळाची रचनाच या भांडणाला पोषक आहे. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, होतो आणि गुहा, गावं, हवामान, दुकानदार व राक्षस ही सगळी खाती एकटा सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, ते पात्र काय करतं हे तोंडाने सांगतात, आणि जमलं की फसलं हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, आणि सगळ्यांची शनिवार संध्याकाळ एकाच वेळी मोकळी सापडत राहिली तर खेळ वर्षानुवर्षं चालतो. बुद्धिबळात समतोल सोपा. दोन्हीकडे सोळा-सोळा मोहरी. तक्रार उरते ती पहिली खेळी पांढऱ्याची का एवढीच. इथे एकाकडे तलवार असते, दुसऱ्याकडे कुलपं उघडायच्या सळया, तिसऱ्याची देवाशी थेट ओळख असते, आणि चौथ्याने विश्वाचे नियम पाठ केलेले असतात ते मोडण्यासाठी. या चौघांना सारखं वजन द्यायचं म्हणजे पैलवान, किल्लीवाला, पुजारी आणि आमदार यांना एकाच पगारश्रेणीत बसवण्यापैकी आहे.

गल्लीतल्या मुलांनी हा प्रश्न फार पूर्वीच निकालात काढला होता. धाकट्या भावाला खेळायला घ्यावंच लागतं, कारण आईने तसं बजावलेलं असतं. म्हणून तो लिंबूटिंबू. तो आऊट झाला तरी आऊट नाही. फार जोरात मारणाऱ्यासाठी ‘कंपाउंडच्या बाहेर गेला की आऊट’ हा नियम, शिवाय बॉलही त्यानेच आणायचा. अमेरिकेतल्या प्रौढ माणसांनी हाच प्रश्न हाती घेतला तेव्हा त्यांनी आई हा घटक वगळला, आणि तिच्या जागी जाडजूड पुस्तकं लिहावी लागली.

त्यातलं पहिलं जाडजूड नव्हतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून बाहेर पडला तो एका खोक्यातल्या तीन पातळ पुस्तिकांच्या रूपात. पहिली छपाई १,००० प्रतींची. दोघेही युद्धखेळांच्या नादातले, म्हणजे टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडून लढाया लढणाऱ्यांपैकी. गायगॅक्सने जेफ पेरेनबरोबर १९७१ साली ‘चेनमेल’ नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम काढले होते आणि त्यांच्या शेवटी जादूगार, ड्रॅगन वगैरे मंडळींसाठी पुरवणी जोडली होती. त्या पुरवणीत जादूगाराचा अग्निगोळा मोजलेला होता दगडफेकी यंत्राच्या माऱ्याच्या हिशेबाने, आणि त्याची वीज मैदानी तोफेच्या. म्हणजे जादूगार हा मुळात माणूस नव्हताच, तो तोफखाना होता. सैन्यात तोफखाना असला की पायदळाला राग येत नाही, कारण दोन्ही एकाच सेनापतीच्या मालकीचे असतात. नव्या खेळात सेनापती गेला आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक शिपाई आला. एकाच्या वाट्याला तोफ आली. पुढचं सगळं त्यातून निघालं.

गायगॅक्सला हे दिसत नव्हतं असं नाही. त्याने उतारा शोधला तो काळाचा. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाकाठी एक मंत्र. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीपासून त्याची जीवशक्ती चार बाजूंच्या फाशावर ठरू लागली, म्हणजे एक पडला तर ठेच लागूनही कारभार आटोपायचा. सकाळी दहाला मंत्र वापरून झाला की उरलेला दिवस तो खंजीर हातात धरून बाकीच्यांच्या मागून चालायचा, लग्नाच्या वरातीतल्या दूरच्या काकांसारखा. त्यात बढतीही उशिरा: दुसऱ्या लेव्हलला जायला योद्ध्याला २,००० गुण लागत, जादूगाराला २,५००, क्लेरिक या धर्मगुरूला १,५००. ‘ग्रेहॉक’मध्ये चोर आला तो १,२०० गुणांत वर चढायचा. गुण मिळत मुख्यतः गुहेतून बाहेर आणलेल्या सोन्यावर, त्यामुळे चोराला लवकर बढती मिळण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जादूगार हे सगळे हाल सोसून पाचव्या लेव्हलला पोचला की त्याला अग्निगोळा मिळे आणि मागे चालणारे काका वरातीच्या घोड्यावर बसत. योद्ध्याने आधी मिरवायचं, जादूगाराने नंतर.

कागदावर हा सौदा रास्त होता. पण तो तीन वर्षांच्या हिशेबात रास्त होता, आणि भांडण व्हायचं दर शनिवारी. शिवाय बरेच जादूगार मिरवायच्या आतच मरत; आणि बरेचसे खेळ योद्ध्याचे दिवस संपायच्या आत बंद पडत, कारण कुणाचं लग्न ठरे, कुणाची बदली होई. योद्धा सरळ रेषेत वाढतो आणि जादूगार वर्गाच्या पटीत, ही म्हण या खेळात पुढे कायमची रुजली. बीजगणित शाळेत सोडून आलेल्यांनाही तिचा अर्थ विचारावा लागत नाही.

वंशांच्या बाबतीत तोच उपाय. बुटक्या ड्वार्फला अंधारात दिसतं, जादू त्याला सहज बाधत नाही. त्या बदल्यात १९७४च्या नियमांत त्याची वाढ सहाव्या लेव्हलला थांबे. हाफलिंगची चौथ्यालाच. सगळे फायदे पहिल्या दिवशी, पुढची बढती बंद: सरकारी नोकरीची इतकी अचूक कल्पना विस्कॉन्सिनमध्ये कुणाला सुचावी याचं नवल आहे. अनेक टेबलांवर हा नियम आठवणीने विसरला जाई.

दुसऱ्या भांडणाबद्दल, म्हणजे राक्षसांबद्दल, त्या काळातला दृष्टिकोन अधिक मोकळा होता. समोर काय आहे ते आधी बघा, झेपत नसेल तर पळा. आपल्या पात्रांच्या पराक्रमाच्या फुशारक्या मारणाऱ्या खेळाडूंसाठी गायगॅक्सने ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे तळघर रचलं. १९७५ साली ‘ओरिजिन्स’ या खेळमेळाव्यात ते स्पर्धेसाठी वापरलं गेलं आणि १९७८ साली छापून आलं. त्यात भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे. तोंड वासलेलं, आत मिट्ट काळोख, माणूस सहज शिरेल एवढी जागा. शिरलेला माणूस नाहीसा होतो. फासा टाकायचा नसतो, कोणता मंत्र चालेल याची चौकशी करायची नसते. योद्धा, जादूगार, चोर आणि पुजारी यांना संपूर्ण समान वागणूक देणारी खेळाच्या इतिहासातली ही बहुधा एकमेव जागा.

पुढच्या पिढ्यांनी मात्र आकड्यांचा मार्ग धरला. आकड्यांकडे वळण्यापूर्वी दुखणं कुठे होतं ते एकदा जवळून पाहायला हवं, कारण ते तक्त्यांपेक्षा घड्याळात जास्त स्वच्छ दिसतं. पुण्यातल्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये अलीकडच्या नियमांचा खेळ चाललेला आहे असं धरावं. मध्ये चिवड्याची परात, डीएमपुढे पुठ्ठ्याचा आडोसा, समोर शंभरएक जीवशक्तीचा राक्षस.

‘मी मारतो,’ योद्धा म्हणतो.

‘टाक.’

‘सतरा.’

‘लागलं. किती?’

‘नऊ.’

‘बरं. पुढे कोण?’

योद्ध्याची पाळी संपली, अकरा सेकंद. पुढे जादूगार.

‘थांब हं, एक मिनिट.’ पुस्तक उघडलं जातं. ‘आगीची भिंत घातली तर? नको, आपला चोर मध्ये येतोय. ए, तू जरा सरकतोस का?’

‘माझी पाळी झाली रे.’

‘मग झोपवू? नाही, ह्याच्यावर चालणार नाही ते. थांब थांब. बोकड! त्याचा बोकड करतो.’

‘कुणाचा, चोराचा?’

‘राक्षसाचा रे!’

डीएम आडोशामागे फासा टाकतो, बराच वेळ त्याच्याकडे बघतो, आणि राक्षसाचा बोकड होतो. त्या राक्षसाने मरताना करायचं दीड पानी भाषण डीएमने आदल्या रात्री जागून लिहिलेलं होतं. सात मिनिटं झालेली आहेत आणि तेवढ्यात योद्ध्याने चिवड्यातले सगळे शेंगदाणे वेचून खाल्लेले आहेत. त्याची पाळी पुन्हा येते.

‘मी आता बोकडाला मारू?’

‘नको!’ सगळे एकदम ओरडतात. बोकडाला चारच जीवशक्ती. तो मेला की राक्षस परत मूळ रूपात येतो. योद्ध्याची त्या संध्याकाळची दुसरी पाळी इथे संपते. त्याच्या तलवारीचा आकडा नऊवरून एकोणीस केला असता तरी त्याच्या पदरी काही पडलं नसतं. आकडे वाढवणाऱ्यांना हे उशिरा कळलं, आणि काहींना अजून कळायचं आहे.

मूळ प्रकाशन कंपनी टीएसआर १९९७ साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती आली. मॉन्टी कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स यांनी सगळ्यांसाठी बढतीचा एकच तक्ता केला. म्हणजे जादूगाराची उशिरा बढती गेली, तोफ तेवढी राहिली. राक्षसांना ‘चॅलेंज रेटिंग’ हा अंक चिकटवला गेला: पाच अंकाचा राक्षस म्हणजे पाचव्या लेव्हलच्या चौघांना बेताचा, त्यांच्या मंत्र-औषधांचा साधारण पाचवा हिस्सा खर्ची घालणारा. अशा १३ पूर्णांक १ तृतीयांश लढाया झाल्या की पुढची लेव्हल, असं गणित होतं. तो उरलेला एक तृतीयांश राक्षस कुठून आणायचा हे डीएमवर सोपवलेलं होतं.

अंक लावायला घेतले की ते सगळ्यांनाच लावावे लागतात, आणि त्यातून मांजराचं प्रकरण उद्भवलं. २००३च्या सुधारित नियमांत पाळीव मांजराची नोंद आहे. सहा सेकंदांच्या एका फेरीत ते दोनदा ओरबाडतं आणि एकदा चावतं. साध्या शेतकऱ्याला लागायला पंजासाठी वीस बाजूंच्या फाशावर सहा किंवा जास्त पुरतं, म्हणजे चारात तीन वेळा पंजा बसतो. मांजराची ताकद इतकी कमी की नुकसानाचं उत्तर उणे येतं, पण नियम सांगतो की लागलं तर किमान एक तरी जायलाच हवा. पहिल्या लेव्हलच्या शेतकऱ्याची जीवशक्ती चार बाजूंच्या फाशावर ठरते, सरासरी अडीच. सरासरीने मांजर दर फेरीला दोन काढून घेतं. शेतकऱ्याने उलट सुरी उगारली तर ती वीसात सात वेळा लागते, कारण मांजर लहान आणि चपळ. हिशेब केला तर बारा सेकंदांत घरधनी आडवा आणि मांजर दुधाकडे. या नियमांच्या जगात गावं वसलीच कशी आणि त्यात मांजरं पाळायची हिंमत कुणी केली, यावर जाणकारांनी पुष्कळ डोकं चालवलं आहे. बिबट्याच्या बातम्या वाचणाऱ्या जुन्नरकडच्या वाचकालाही हे प्रमाण जरा जास्त वाटेल.

योद्ध्याची अवस्था शेतकऱ्यापेक्षा फार बरी होती असं नाही. याच नियमांत ड्रूइड नावाचा वनवासी पुजारी होता. सातव्या लेव्हलपासून त्याला सोबती म्हणून तपकिरी अस्वल ठेवता येई. आठव्या लेव्हलला त्याला स्वतःलाच अस्वल होता येई, आणि एक ठरावीक कौशल्य घेतलेलं असलं तर अस्वल असतानाही मंत्र म्हणता येत. चौथ्या दर्जाचा एक मंत्र म्हटला की आणखी एक अस्वल हजर. अशा रीतीने एका खेळाडूच्या पाळीला तीन अस्वलं चाल करून जात, त्यातलं एक मंत्र पुटपुटत, आणि योद्धा आठव्या लेव्हलची आपली चकचकीत तलवार घेऊन जागा कुठे मिळते ते बघत उभा राही. त्याचा सगळा पेशा दुसऱ्याच्या पाळीव प्राण्याने व्यापलेला होता. क्लेरिकही मंत्रांच्या जोरावर योद्ध्याच्या तोडीचा होऊ शके, आणि जखमाही बऱ्या करी. हे दोघे मिळून ‘कॉडझिला’ या नावाने ओळखले जातात: क्लेरिक ऑर ड्रूइड, आणि मागे गॉडझिलाची शेपटी.

नियम जितके काटेकोर, तितके त्यांच्या फटीत नखं घालणारे जास्त. सर्वांत गाजलेली फट शेतकऱ्यांच्याच नावावर आहे. २,००० शेतकरी एका रांगेत उभे करावेत, प्रत्येकी पाच फूट जागा. प्रत्येकाने हातातला भाला शेजाऱ्याला द्यायची तयारी ठेवावी. एक फेरी सहा सेकंदांची, आणि तेवढ्यात प्रत्येकाला आपली पाळी मिळते. म्हणजे भाला १०,००० फूट, तीन किलोमीटरच्या वर, सहा सेकंदांत जातो: सेकंदाला ५०० मीटर, आवाजापेक्षा वेगाने. टोकाच्या शेतकऱ्याने तो सोडला की ड्रॅगनची काय गत होईल, असा युक्तिवाद. उत्तर असं की ड्रॅगनला साध्या भाल्याचं लागतं तेवढंच लागतं, कारण हातोहात द्यायला नियमपुस्तक आणि वेग मोजायला भौतिकशास्त्र असं दोन्ही दरडींवर पाय ठेवता येत नाही. ते २,००० जण या बैठकीला का आले होते, त्यांची मांजरं तेव्हा कुठे होती, हे प्रश्न वेगळेच. २०२४च्या डंजन मास्टरसाठीच्या पुस्तकात हातोहात भाला देऊन प्रकाशाचा वेग गाठण्याच्या या कल्पनेला स्पष्ट मनाई करावी लागली. कायद्याच्या पुस्तकात एखादी अजब मनाई दिसली की मागे कुणीतरी ते करून पाहिलेलं असतं, तसंच हे.

२००८ साली चौथ्या आवृत्तीने समतोल एकदाचा आणलाच. योद्धा, जादूगार, चोर, पुजारी, सगळ्यांना एकाच साच्यातल्या शक्ती: काही हव्या तेव्हा वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. प्रत्येकाला ठरलेली भूमिका: कुणी आघाडी रोखायची, कुणी घाव घालायचे, कुणी बाकीच्यांना सावरायचं, कुणी मैदान आवरायचं. योद्ध्यालाही जादूगाराइतकीच पानं वाचावी लागू लागली आणि शेंगदाणे शिल्लक राहू लागले. लोकांनी एवढा गहजब क्वचितच केला असेल. सगळे एकसारखे झाले, हा संगणकावरचा खेळ झाला, तलवारीचा एक डाव दिवसातून एकदाच का, उद्यापर्यंत हात दुखतो का, अशा तक्रारींचा पाऊस पडला. पाय्झो या कंपनीने २००९ साली जुन्या तिसऱ्या आवृत्तीच्याच पायावर ‘पाथफाइंडर’ काढला आणि तो जोरात चालला. वर्षानुवर्षं जी विषमता नको म्हणून आरडाओरड झाली ती विकत मिळते म्हटल्यावर रांग लागली. गंमत अशी की त्याच ‘पाथफाइंडर’च्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत आकडे फार नेटके जुळवलेले आहेत, राक्षसापुढे जो अंक लिहिलेला असतो त्याच वजनाचा राक्षस निघतो. त्यावरची तक्रार अशी की मग त्यात मजा काय.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला आणि बऱ्याच ठिकाणी डोळे मिटून घेतले. उघड्या डोळ्यांनी केलेला अपवाद म्हणजे अग्निगोळा. नवे मंत्र बनवणाऱ्यांसाठी डीएमच्या पुस्तकात तक्ता आहे: तिसऱ्या दर्जाच्या, एकाच वेळी अनेकांना भाजणाऱ्या मंत्राने सहा फाशांचं नुकसान करावं. अग्निगोळा तिसऱ्या दर्जाचा आहे आणि तो आठ फाशांचं करतो. तोफखान्याच्या घराण्यातला असल्याने त्याला वाढीव भत्ता आहे. योद्ध्याला विसाव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला काय मिळतं? एका पाळीत तीनऐवजी चार वार. जादूगाराला त्याच्या तीन लेव्हल आधी ‘विश’ हा मंत्र मिळतो, ज्यात जवळपास हवं ते मागता येतं. एकाला चौथा वार आणि दुसऱ्याला कल्पवृक्ष, हे पाचव्या आवृत्तीत समतोल म्हणून चालून गेलं.

तरी तिच्या गणिताला एक आधार होता, तो म्हणजे दिवस लांब असेल हा. पार्टी दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया पेलू शकते, असं पुस्तक सांगतं. तलवार संपत नाही, मंत्र संपतात; सहावी लढाई येईपर्यंत जादूगार पुन्हा वरातीतला काका होतो आणि योद्ध्याचे दिवस येतात. प्रत्यक्षात शनिवारच्या चार तासांत, त्यातला पाऊण तास कोण कधी येतोय यात गेल्यावर, एक लढाई होते, फार तर दोन. जादूगार सगळा दारूगोळा पहिल्याच दारात उडवतो आणि म्हणतो:

‘झोपू या आता. आठ तास.’

‘अरे, सकाळचे साडेनऊ वाजलेत,’ डीएम म्हणतो.

‘मग काय झालं? दमलोय मी.’

जगाचा नाश दुपारी बारा वाजता ठरलेला असतो. तो डीएमला पुढे ढकलावा लागतो.

राक्षसांचे अंकही तसेच डुगडुगते. ‘शॅडो’ नावाच्या सावलीचं रेटिंग अर्धं, म्हणजे नवशिक्यांसाठी. ती जीवशक्तीसोबत ताकदही शोषते, दर स्पर्शाला एक ते चार. जादूगारांची ताकद बहुधा आठ असते, कारण त्यांना पोतं उचलायचं नसतं; दोन चांगल्या स्पर्शांत ती शून्य होते आणि मालक मरतो, कितीही जीवशक्ती शिल्लक असली तरी. उलट टोकाला टेरास्क हा महाकाय प्राणी: रेटिंग ३०, जीवशक्ती ६७६. २०१४च्या पुस्तकात त्याच्याजवळ दूरवर फेकण्यासारखं काहीच नाही आणि त्याला उडता येत नाही. याच खेळात पंख असलेली पात्रं पहिल्या लेव्हललाच मिळतात. असं एखादं पात्र साठ फुटांवर तरंगत राहून फुकटातला एक किरकोळ मंत्र सोडत बसलं तर तत्त्वतः या महाप्रलयाला ठार करू शकतं. वेळ मात्र फार लागतो, आणि तेवढ्या वेळात दगड उचलून फेकता येतो हे टेरास्कला सुचलंच असेल, असं डीएम जाहीर करतो.

अंकांपेक्षा डोकी जास्त मारतात, हे मात्र या आवृत्तीने मान्य केलं. एका बलदंड राक्षसाला चौघे मिळून लोळवतात, कारण तो एकदा मारतो तेव्हा ते चारदा मारतात. आठ फुटकळ गॉब्लिन आले की हिशेब उलटा फिरतो. म्हणून राक्षसांचे गुण मोजताना गुणक लावायचा: दोघे असले तर दीडपट, तीन ते सहा असले तर दुप्पट, सात ते दहा असले तर अडीचपट, पंधरा किंवा जास्त असले तर चौपट. शनिवारी दुपारी डीएम कॅल्क्युलेटर घेऊन हे करतो. संध्याकाळी पार्टी त्या खोलीत न जाता डावीकडे वळते.

काही खेळांनी या कटकटीतून अंग काढून घेतलं. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या १९८७च्या ‘आर्स मॅजिका’ने सरळ कबूल केलं की जादूगार सगळ्यांपेक्षा मोठे असतात. मग प्रत्येक खेळाडूला एक जादूगार, एक मध्यम वकुबाचं पात्र, आणि शिपाई-गडी सगळ्यांचे सामाईक. आज एकाने जादूगार खेळायचा, बाकीच्यांनी त्याचे गडी. पुढच्या वेळी पाळी बदलायची. राज्य आळीपाळीने घ्यायचं, हे लपाछपी खेळलेल्या कुणालाही पटेल, आणि तक्ता एकही लागत नाही. भाऊबंदकीवर याच्याइतकं शहाणपणाचं उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही, तरी त्याचा कित्ता फार थोड्यांनी गिरवला. आपलं पात्र दुसऱ्याच्या हाती द्यायचं म्हणजे माणसाला आपली गाडी दिल्यासारखं वाटतं.

केविन सिएम्बिडाच्या १९९०च्या ‘रिफ्ट्स’ने अंग काढून घेतलं ते खांदे उडवून. त्यात ‘ग्लिटर बॉय’ हा प्रचंड चिलखती यंत्रात बसलेला सैनिक आहे, आणि त्याच पुस्तकात, त्याच यादीत, ‘व्हॅगबाँड’ आहे, म्हणजे भटक्या, ज्याला खास असं काही येत नाही. मोठ्या शस्त्रांचं नुकसान वेगळ्या मापात मोजतात. त्या मापातला एक म्हणजे साध्या मापातले शंभर. दोघांनी एकाच टेबलाशी बसावं अशी अपेक्षा आहे. भटक्याची जीवशक्ती ठरवण्यात वेळ घालवू नये.

सँडी पीटरसनच्या १९८१च्या ‘कॉल ऑफ कथुलू’त हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथली पात्रं म्हणजे प्राध्यापक, पत्रकार, ग्रंथपाल. समोर पाताळातले देव. कथुलू स्वतः प्रकटला तर दर फेरीला एक ते तीन माणसं खातो, आणि तेवढ्यासाठी फासा टाकतात. सगळ्यांनी शेवटी वेडं व्हायचं किंवा मरायचं हे आधीच ठरलेलं असल्याने कोण जास्त बलवान यावरून कुणी भांडत नाही. १९८४च्या ‘पॅरानोया’त खेळाडूंनी एकमेकांवर पाळत ठेवून एकमेकांना मारायचंच असतं, आणि त्यासाठी प्रत्येकाला स्वतःच्या सहा प्रती मिळतात. तिथे भाऊबंदकीलाच खेळ म्हटलेलं आहे.

एवढं सगळं छापून झाल्यावरही उरलेलं काम पुठ्ठ्याच्या आडोशामागे होतं. आडोसा टिपणं लपवण्यासाठी असतो असं म्हणतात. तिथे पडलेला वीस कधीकधी मोठ्याने वाचताना चौदा होतो, कारण समोरच्याने कालच नवं पात्र काढून त्याचं चित्रही रंगवून आणलेलं आहे. राक्षसाची जीवशक्ती चाललेल्या लढाईत वाढते, किंवा पावणेअकरा वाजले आणि कुणाची शेवटची बस असली की एकदम संपते. दाराआडून आणखी चार गॉब्लिन येतात ते लढाई फार सोपी गेली म्हणून. आले नाहीत तर तेही त्याच कारणासाठी. काही डीएम फासे सगळ्यांसमोर टाकतात आणि त्यांच्या टेबलावर शांतता फार असते.

सर्वांत जुना उपाय म्हणजे योद्ध्याला जादूची तलवार देणं. पुण्यातल्या त्या टेबलावरही शेवटी तेच झालं. तिसऱ्या शनिवारी एका थडग्यात तलवार निघाली. तिचा घाव बसला की मंत्राने बदललेलं रूप न मोडता आतल्या जिवालाच लागे. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, डीएमने तो जेवणाच्या सुट्टीत वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता. पुढच्या लढाईत जादूगाराने पुन्हा राक्षसाचा बोकड केला, योद्ध्याने विचारलं, ‘मारू?’, आणि या वेळी सगळ्यांनी मान डोलावली. वीस पडला. चिवड्याची परात उडाली, खालच्या मजल्यावरून फोन आला. योद्ध्याने आपला घाव कसा बसला हे चार मिनिटं उभं राहून सांगितलं आणि कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. जाताना जिन्यात जादूगाराने डीएमला बाजूला घेतलं आणि म्हणाला, ‘अरे, ती तलवार जरा जास्तच होतेय, नाही?’